लाइटनिंग लेनची वेळ चुकली तर खरंच परत पाठवतात का? डिस्नीच्या रिटर्न टाइमचा सगळा हिशोब

लाइटनिंग लेन म्हणजे डिस्नीत राइडला पैसे भरून मिळणारी वेगळी रांग, आणि तिच्या पासवर लिहिलेली यायची वेळ म्हणजे रिटर्न टाइम. ऑर्लँडोला निघालेल्या प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला असतो. पासवर ११:१० ते १२:१० लिहिलंय, आम्ही १२:२० ला पोचलो तर आत घेतील का, आणि १२:४० ला पोचलो तर? पहिल्याचं उत्तर "बहुतेक हो", दुसऱ्याचं "बहुतेक नाही", आणि दोन्हीत "बहुतेक" का आहे ते समजलं की दिवसाचा प्लॅन कसा करायचा हे आपोआप कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मुख्यतः फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डबद्दल, कारण आपली मंडळी सगळ्यात जास्त तिथेच जातात, मग ती न्यू जर्सीहून लाँग वीकेंडला जाणारी असोत की पुण्याहून मुलाकडे आलेले आई-बाबा असोत. बाकीच्या पार्क्सचं शेवटी थोडक्यात सांगतो, कारण एका पार्कचा नियम दुसऱ्याला लावला की हमखास घोळ होतो.

आधी थोडा इतिहास, कारण जुने सल्ले अजून फिरतायत

तुमचा कोणीतरी मित्र किंवा चुलतभाऊ छातीठोकपणे सांगेल की "अरे वेळेचं काही नसतं, संध्याकाळी गेलं तरी घेतात." तो खोटं बोलत नाहीये, तो फक्त जुन्या काळात जाऊन आलाय. १९९९ मध्ये डिस्नीने फास्टपास आणला तेव्हा राइडच्या बाहेरच्या मशीनमध्ये तिकीट घालायचं आणि कागदाची चिठ्ठी घ्यायची, तिच्यावर एक तासाची वेळ छापलेली असायची. पण वेळ सुरू व्हायच्या आधी गेलात तर परत पाठवायचे आणि वेळ संपल्यावर गेलात तर निमूट आत घ्यायचे, हे नेहमी जाणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. मग लोक सकाळभर चिठ्ठ्या गोळा करायचे आणि संध्याकाळी पत्ते पिसल्यासारखे एकेक काढायचे.

मार्च २०१२ पासून वॉल्ट डिस्नी वर्ल्डमध्ये हे बंद झालं आणि संपायची वेळही पाळायला लागले. कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये २०१३ मध्ये तेच झालं. पुढे मॅजिकबँडवाला, म्हणजे मनगटावरच्या पट्ट्यावर चालणारा, फास्टपास प्लस आला, म्हणजे वेळ माणसाऐवजी मशीन बघायला लागलं. २०२० मध्ये कोविडमुळे तो थांबला, ऑक्टोबर २०२१ मध्ये पैसे भरून घ्यायचा जिनी प्लस आला, आणि २४ जुलै २०२४ पासून त्याचंच नाव लाइटनिंग लेन मल्टी पास झालं. म्हणून कोणाचाही अनुभव ऐकताना पहिला प्रश्न विचारा, कुठल्या वर्षी गेला होतात?

इतके कडक का झाले हेही बघून ठेवा, म्हणजे उगाच राग येत नाही. प्रत्येक राइडची तासाला माणसं नेण्याची एक क्षमता असते आणि त्यातला ठरावीक हिस्सा सिस्टिम तासातासाला पासवाल्यांना वाटते. आत एक जागा असते जिथे साधी रांग आणि पासवाली रांग एकत्र येते, तिथे उभा असलेला कर्मचारी पासवाल्यांचा मोठा घोळका सोडतो आणि मग साध्या रांगेतले थोडे सोडतो. सकाळचे उशीरवाले सगळे जर संध्याकाळी ६ ला उगवले तर पासवाली रांगच ४० मिनिटांची होणार, आणि साध्या रांगेतल्यांना तर जागेवरून हलताच येणार नाही.

पायरी १: तुमच्या हातात नक्की कुठला पास आहे ते बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि बरेच जण हेच बघत नाहीत. ॲपमध्ये सगळं एकाच यादीत दिसतं, पण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं.

लाइटनिंग लेन मल्टी पास आणि सिंगल पास, या दोन्हीला सुरुवात आणि शेवट दोन्ही असतात, साधारण एक तासाची विंडो. मल्टी पास म्हणजे बऱ्याच राइड्सचं एकत्र पॅकेज, सिंगल पास म्हणजे ट्रॉन किंवा सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनसारखी एकच गाजलेली राइड वेगळे पैसे देऊन. उशिराची भानगड मुख्यतः या दोघांचीच.

लाइटनिंग लेन प्रीमियर पास, हा ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. याला वेळच नाही, लाइटनिंग लेन असलेल्या प्रत्येक राइडला दिवसात एकदा, केव्हाही जा. किंमत बघून डोळे पांढरे होतात हे खरं, पण वेळेची कटकट मुळातच नको असेल तर तो याचसाठी आहे.

व्हर्च्युअल क्यू, म्हणजे बोर्डिंग ग्रुप. नवीन राइडला बहुधा काही महिने हाच प्रकार असतो, ट्रॉनला २०२३ मध्ये होता, टियानाज बायू ॲडव्हेंचरला २०२४ मध्ये होता. तुमचा ग्रुप बोलावला की तिथून साधारण एक तास. यात गोची अशी की ग्रुप कधी बोलावतील ते आधी नक्की कळत नाही, अंदाज दाखवतात आणि राइड मध्ये बंद पडली की तो अंदाज कोलमडतो. त्यामुळे फोनचं नोटिफिकेशन चालू ठेवा आणि त्या काळात दुसऱ्या पार्कला निघून जाऊ नका.

डीएएस, म्हणजे ज्यांना ऑटिझम किंवा तशा कारणाने साध्या रांगेत उभं राहणं जमत नाही त्यांच्यासाठीची सोय. इथे रिटर्न टाइमला फक्त सुरुवात असते, त्यानंतर त्या दिवशी केव्हाही गेलात तरी चालतं. दोन कुटुंबं शेजारी उभी असतात, एकाला एक तास उशिराने घेतात आणि दुसऱ्याला परत पाठवतात, मग दुसऱ्याला वाटतं पक्षपात झाला. पक्षपात नसतो, पास वेगळा असतो. आणि हो, "आजीचे गुडघे दुखतात" यावर डीएएस मिळत नाही, मे २०२४ पासून नियम बरेच आवळलेत आणि खोटं सांगून घेतल्याचं कळलं तर पार्कबंदीपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. आजीसाठी व्हीलचेअर भाड्याने घ्या, ती पार्कच्या गेटजवळ मिळते.

पायरी २: ५ आणि १५ चा नियम समजून घ्या, पण त्यावर घर बांधू नका

आता मूळ मुद्दा. वारंवार जाणाऱ्यांचा अनुभव असा की मशीन साधारण ५ मिनिटं आधी आणि १५ मिनिटं नंतरपर्यंत पास स्वीकारतं. म्हणजे ११:१० ते १२:१० ची विंडो प्रत्यक्षात ११:०५ ते १२:२५ धरा. पण ही सवलत आहे, हक्क नाही. डिस्नीने तुम्हाला ती पासवर लिहून दिलेली नाही, तुम्हाला लिहून दिलेली वेळ १२:१० चीच आहे. जिनी प्लसच्या काळात कितीतरी जास्त उशिरा गेलेल्यांनाही घेतल्याचे किस्से आहेत, पुढे ते आवळलं गेलं, आणि उद्या पुन्हा काय होईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. आपल्याकडे पत्रिकेत १२:३५ चा मुहूर्त असला तरी अक्षता १ ला पडतात हे सगळ्यांना माहीत असतं, तसं हे गृहीत धरायला जाल तर फसाल, कारण इथे भटजी नाही, मशीन आहे.

ते मशीन कसं काम करतं ते एकदा डोळ्यासमोर आणा. पासवाल्या दाराशी कमरेइतक्या उंचीचा खांब असतो, त्यावर मिकीच्या डोक्याचा आकार. त्याला मॅजिकबँड, कार्ड किंवा फोन टेकवायचा. हिरवी रिंग फिरून उजळली की आत. निळा दिवा लागला की काहीतरी अडलंय, वेळ चुकलीये किंवा चुकीच्या माणसाचं कार्ड टेकवलंय किंवा पास दुसऱ्याच राइडचा आहे. लाल रंग मुद्दामच ठेवलेला नाही, लोकांना उगाच गुन्हेगार वाटू नये म्हणून असावं. निळा लागला की शेजारचा कर्मचारी हातातल्या टॅबलेटवर बघतो आणि मग निर्णय त्याचा.

एकदा पीटर पॅन राइडच्या दाराशी मी रांगेत असताना पुढे एक मोठं कुटुंब होतं, सात-आठ जण. पहिल्या चौघांना हिरवा आणि पाचव्या काकांना निळा, कारण काका पॉपकॉर्न घ्यायला थांबलेले आणि त्यांनी चुकून नातवाचंच कार्ड परत टेकवलेलं. मुलीने काकांच्या पाठीवरच्या सॅकमधून त्यांचं कार्ड काढेपर्यंत मागची सगळी रांग तुंबली. यातून घ्यायचा धडा एवढाच की पास प्रत्येक माणसाचा स्वतंत्र असतो, सगळ्यांनी एकत्र टेकवायला हवं असं नाही. चौघं वेळेत पोचले आणि एक जण पार्किंगमध्ये अडकला तर चौघांनी आत जावं, पाचव्याचा प्रश्न पाचव्यापुरता. पण कार्ड ज्याचं त्याच्या गळ्यात ठेवा, सगळी आईच्या पर्समध्ये नकोत.

अजून एक, वेळ पहिल्या खांबालाच मोजली जाते. आत थोडं पुढे दुसरा खांब असतो, तिथेही टेकवायचं असतं, पण पहिल्याला हिरवा मिळाला की तुमची वेळेची परीक्षा संपली. म्हणजे १२:०८ ला पहिला खांब पार केला आणि आत २० मिनिटं गेली तरी घाबरू नका. विंडोच्या आत *राइडमध्ये बसायचं* नसतं, *दाराशी पोचायचं* असतं.

आणि आधी पोचण्याबद्दल. ५ मिनिटांपेक्षा आधी गेलात तर नाही म्हणजे नाही. दाराशी घोळका करून उभं राहिल्याने लवकर सोडत नाहीत, उलट "बाजूला व्हा" एवढंच ऐकायला मिळतं.

पायरी ३: विंडोच्या शेवटाकडे नाही, सुरुवातीकडे निशाणा धरा

आपल्या लोकांची एक सवय आहे, १२:१० पर्यंत वेळ आहे ना, मग १२ ला निघू. इथे ते दोन कारणांनी तोट्याचं. एक म्हणजे डिस्नीत अंतरं फसवी असतात. दुसरं, जास्त महत्त्वाचं, मल्टी पासमध्ये तुम्ही एका वेळी तीन राइड्स धरून ठेवू शकता आणि एक वापरली की लगेच चौथी शोधायची मुभा मिळते. म्हणजे ११:१० ला गेलात तर ११:१२ ला पुढची शोधताय, १२:१० ला गेलात तर तासभर उशिरा शोधताय आणि तोपर्यंत चांगल्या राइड्सचे स्लॉट रात्री ८ वर गेलेले किंवा संपलेले. उशिराची खरी किंमत ही आहे, दाराशी परत पाठवणं ही क्वचितची गोष्ट.

अंतरांचं म्हणाल तर थोडी उदाहरणं देतो. मॅजिक किंगडममध्ये, म्हणजे वॉल्ट डिस्नी वर्ल्डमधल्या पार्क्सपैकी एकात, टियाना आणि बिग थंडर एका टोकाला फ्रंटियरलँडमध्ये, ट्रॉन आणि स्पेस माउंटन दुसऱ्या टोकाला टुमॉरोलँडमध्ये. स्ट्रोलर, बाथरूम आणि "आई मला ते चुरो हवंय" धरून २० मिनिटं मोजा. त्यात दुपारची परेड सुरू असेल तर ती फ्रंटियरलँडकडून मधल्या चौकातून मेन स्ट्रीटवर जाते आणि रस्ता ओलांडायला जागोजागी थांबवतात. परेडच्या वेळेत पार्कच्या आरपार जायचा पास घेऊच नका, किंवा परेडच्या आधीच त्या बाजूला जाऊन बसा.

एपकॉट हा तिथलाच दुसरा पार्क तर अजून मोठा. मागचा वर्ल्ड शोकेसचा फेरा साधारण १.२ मैलांचा, म्हणजे दोन किलोमीटरच्या आसपास. रेमी ही राइड मागे, तिथल्या फ्रान्सच्या भागात, आणि टेस्ट ट्रॅक ही राइड पुढे. रेमीची विंडो संपायला आली आणि तुम्ही टेस्ट ट्रॅकजवळ आहात, तर १५ मिनिटांची सवलतसुद्धा वाचवणार नाही, विशेषतः सोबत साठीच्या वरचं कोणी असेल तर.

आणि सकाळचा पहिला पास. मॅजिक किंगडमला गाडीने गेलात तर पार्किंग, तिथून ट्राम किंवा चालत ट्रान्सपोर्टेशन सेंटर, मग मोनोरेल किंवा फेरी, मग बॅग चेक, मग गेट. गाडी लावल्यापासून पाऊण तास सहज जातो. गूगल मॅपने "९:०२ ला पोचाल" म्हटलं म्हणजे ९:०२ ला पार्किंगच्या टोलनाक्यावर पोचाल. पहिला पास ९ ते १० चा न घेता थोडा पुढचा घेतला तर सकाळ शांततेत जाते. डिस्नीच्याच हॉटेलात राहणाऱ्यांना बसने थेट गेटपाशी सोडतात, त्यांना हे तितकं लागू नाही.

पायरी ४: बुकिंग करतानाच वेळा एकमेकांवर चढवा

डिस्नी हॉटेलात राहणाऱ्यांना ७ दिवस आधी आणि बाकीच्यांना ३ दिवस आधी बुकिंग उघडतं, ऑर्लँडोच्या सकाळी ७ ला. भारतात बसून करत असाल तर तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे ४:३०, हिवाळ्यात ५:३०. चहाच्या वेळेला, सोयीचं आहे. कॅलिफोर्नियात मात्र आधी करता येत नाही, त्या दिवशी पार्कमध्ये शिरल्यावरच.

आता तीन राइड्स घेताना लोक ९ ते १०, १० ते ११, ११ ते १२ अशा नीटनेटक्या वेळा लावतात. दिसायला छान, पण एक घसरली की सगळ्या घसरतात. त्यापेक्षा जवळजवळच्या राइड्सच्या वेळा थोड्या एकमेकांवर चढवा. समजा पीटर पॅन १०:०० ते ११:०० आणि शेजारच्याच फॅन्टसीलँडमधली दुसरी १०:३५ ते ११:३५. तुम्ही १०:३० ला निवांत पीटर पॅनला जा, बाहेर आल्यावर लगेच दुसरी, आणि पहिलीला अर्धा तास उशीर झाला तरी दुसरी अजून हातात आहे. पण एकाच वेळेच्या दोन राइड्स दोन टोकांना घेतल्या तर हाच प्रकार उलटा होतो, हेही लक्षात असू द्या.

लहान मुलं असतील तर बुक करण्याआधीच उंची मोजा, बुटांसकट घरीच. ट्रॉनला ४८ इंच, स्पेस माउंटनला ४४, सेव्हन ड्वार्फ्स आणि स्लिंकी डॉगला ३८. दाराशी पट्टीने मोजतात आणि तिथे रडारड झाली की विंडोतली १० मिनिटं गेलीच. ज्याला बसता येत नाही त्याच्यासाठी रायडर स्विच आहे, एक जण मुलाला घेऊन बाहेर थांबतो आणि मग अदलाबदल. पण ते दाराशीच सांगायचं असतं, राइड करून आल्यावर नाही.

जेवणाचं एक सांगतो. बसून जेवायचं रिझर्व्हेशन असेल तर त्याच्या दीड तास पुढे पास ठेवा. आपल्याकडची मंडळी व्हेज आहे का, अंडं आहे का, चीज कशापासून बनलंय यात शेफला बोलावून बोलतात. आणि डिस्नीचे शेफ खरंच येतात, शांतपणे सगळं समजावतात. पण घड्याळ थांबत नाही.

पायरी ५: उशीर होणार असं दिसायला लागलं की पळत सुटण्याआधी फोन काढा

हे बहुतेकांना सुचतच नाही. विंडो संपायला वीस मिनिटं आहेत आणि तुम्ही पार्कच्या दुसऱ्या टोकाला, अशा वेळी स्ट्रोलर ढकलत धावण्यापेक्षा ॲपमध्ये त्या पासवर जाऊन वेळ बदलायचा पर्याय बघा. मल्टी पासमध्ये दुसरा स्लॉट मोकळा असेल तर वेळ बदलता येते किंवा तीच जागा दुसऱ्या राइडला वापरता येते. बदल *पास चालू असताना* करायचा, संपल्यावर नाही. नवीन स्लॉट कधीकधी पंधरा मिनिटांनी पुढचाच मिळतो, कधी रात्रीचा मिळतो, पण हातचा गेलेल्या पासपेक्षा रात्रीचा पास बरा.

यासाठी फोनला चार्ज हवा. दिवसभर ॲप, फोटो आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर मावशीला पाठवलेले व्हिडिओ यात दुपारी ३ ला फोन झोपतो. पॉवरबँक न्या. पार्कमध्ये वायफाय फुकट आहे, भारतातलं सिम असलेल्यांनाही चालतं.

पायरी ६: उशीर झालाच, आता काय?

१५ मिनिटांच्या आत असाल तर काही न बोलता सरळ टेकवा. खरंच. काही जण आधीच कर्मचाऱ्याकडे जाऊन "सॉरी वुई आर लेट" सुरू करतात, गरज नसताना. हिरवा लागला तर विषय संपला.

निळा लागला तर शांतपणे, खरं कारण एका वाक्यात सांगा. मूल आजारी पडलं, शेजारची राइड आम्ही आत असताना बंद पडली आणि अडकलो, जेवणाच्या ठिकाणी उशीर झाला. दुसरी डिस्नीचीच राइड अडकल्यामुळे उशीर झाला असेल तर ते नक्की सांगा, याला ते बरंच ऐकून घेतात. काही कर्मचारी सोडतात, काही नाही. नाही म्हटलं तर वाद घालू नका, त्याच्या हातात फार काही नसतं आणि मागे रांग असते. तिथून थेट निळ्या छत्रीखाली उभ्या असलेल्या गेस्ट एक्सपीरियन्स टीमकडे जा. पार्कमध्ये अशा छत्र्या बऱ्याच ठिकाणी असतात, ॲपच्या नकाशावरही दिसतात. तिथल्यांकडे पास पुन्हा चालू करून द्यायची मुभा दाराशी असलेल्यांपेक्षा जास्त असते. देतीलच असं नाही, पण मागायची जागा ती आहे.

आवाज चढवून काम होईल असं वाटत असेल तर तो समज इथे सोडून द्या. रेल्वेच्या खिडकीवर चालतं ते इथे उलट पडतं, आणि "आम्ही इंडियाहून एवढ्या लांबून आलोय" हे तर त्यांनी दिवसातून शंभरदा ऐकलेलं असतं, बाजूचा ब्राझीलहून आलेला असतो.

राइडच बंद पडली तर हिशोब पूर्ण उलटतो

फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी ढग गडगडायला लागले की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात, स्लिंकी डॉग, सेव्हन ड्वार्फ्स, टेस्ट ट्रॅक, एव्हरेस्ट. पाऊस नसला तरी विजांचा अंदाज पुरेसा असतो. तुमच्या विंडोमध्ये राइड बंद झाली तर पास आपोआप मल्टिपल एक्सपीरियन्स पासमध्ये बदलतो. तो त्याच राइडला ती सुरू झाल्यावर, किंवा यादीतल्या दुसऱ्या राइडला, त्या दिवशी केव्हाही वापरता येतो. म्हणजे तुमचा कडक वेळेचा पास एकदम सैल होतो, खरं तर ही लॉटरीच.

इथे लोक एक चूक करतात, बंद दाराशी भिजत उभे राहतात की सुरू झाली आणि आपली विंडो संपली तर? तसं उभं राहायची गरज नाही. ॲपमध्ये पास बदललाय का ते बघा आणि कुठेतरी एसीत जाऊन बसा. सिंगल पास असेल आणि तुम्हाला दुसरी राइड नको असेल तर पैसे परत मिळतील का हे त्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसला विचारा, घरी आल्यावर ईमेल करत बसू नका.

बाकीची पार्क्स, थोडक्यात

टोकियो डिस्नीत ही सैलसर वागणूक अजिबात अपेक्षित धरू नका. तिथे डिस्नी प्रीमियर ॲक्सेस २०२२ पासून आहे, पार्कमध्ये शिरल्यावर ॲपवरून घ्यायचा, एका राइडला साधारण १,५०० ते २,५०० येन. दिलेल्या वेळेत या, वेळ गेली की पास गेला. कर्मचारी अतिशय नम्रपणे, वाकून, हसून नाही म्हणतील आणि नाहीच म्हणतील. मला व्यक्तिशः हे आवडतं, कारण पासवाली रांग तिथे खरंच छोटी असते. ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओजलाही एक्सप्रेस पासमधल्या ज्या राइड्सना वेळ छापलीये ती काटेकोर, आणि सुपर निंटेंडो वर्ल्डच्या एरिया तिकिटालाही शिरायची वेळ असते. शिरलात की आत कितीही वेळ थांबा, पण बाहेर पडलात की परत आत येता येईल असं धरू नका.

पॅरिसला प्रीमियर ॲक्सेसचा एका राइडचा प्रकार वेळेचा आहे आणि अल्टिमेट नावाचा सगळ्या राइड्सचा प्रकार बिनवेळेचा.

युनिव्हर्सल ऑर्लँडो आणि युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूर, इथे एक्सप्रेस पासला रिटर्न टाइम हा प्रकारच नाही. साधा असेल तर प्रत्येक राइडला एकदा, अनलिमिटेड असेल तर कितीदाही, केव्हाही. सिंगापूरला चार दिवसांच्या टूरवर गेलेली आपली मंडळी नंतर ऑर्लँडोला जातात आणि डिस्नीतही असंच असेल असं समजतात, तिथे घोळ होतो. आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकातला एक्सप्रेस आणि वंडरलाचा फास्टट्रॅकही याच जातीचे, वेगळी रांग मिळते, घड्याळ नाही.

रात्रीच्या पासबद्दल

शेवटचा स्लॉट अगदी पार्क बंद व्हायच्या तासात पडला असेल तर १५ मिनिटांची सवलत विसरा, बंद म्हणजे बंद. फटाके संपल्यावर मेन स्ट्रीटकडे सगळी गर्दी उलट येते आणि तुम्ही तिच्याविरुद्ध आत जात असता, त्यामुळे फटाके त्या राइडच्या जवळ उभं राहूनच बघा. हातात मल्टिपल एक्सपीरियन्स पास उरला असेल तर तोही त्याच रात्री संपतो, उद्यावर जात नाही, आणि त्यात सगळ्या राइड्स नसतात, ट्रॉनसारख्या मोठ्या राइड्स बहुधा वगळलेल्या असतात. यादी ॲपमध्ये त्या पासवर बोट ठेवलं की उघडते, ती ८ वाजताच बघून घ्या.